साथ, श्रद्धा आणि शेजारधर्म

संकटकाळी ख्रिस्ती कुटुंबांनी एक्याण्णवाव्या स्तोत्राइतका आधार बायबलमधील दुसऱ्या कोणत्या स्तोत्राचा घेतला असेल असे वाटत नाही. जो परमेश्वराच्या आश्रयाला गेला त्याच्या घराजवळ मरी फिरकणार नाही आणि देवदूत त्याला पदोपदी सांभाळतील, अशा आशयाचे आश्वासन त्यात आहे. आणि म्हणूनच २०२० च्या मार्च महिन्यात, देशोदेशीची शहरे एकामागून एक बंद पडू लागली आणि माणसाला माणसाच्या श्वासाची धास्ती वाटू लागली तेव्हा, पुष्कळ ख्रिस्ती घरांत हेच स्तोत्र पुन्हा उघडले गेले. परंतु या स्तोत्रासंबंधीची एक गोष्ट भाविकांच्याही ध्यानातून निसटते. शुभवर्तमानात सैतान येशूला यरुशलेमच्या मंदिराच्या शिखरावर नेऊन, तू देवाचा पुत्र असशील तर येथून खाली उडी टाक, असे आव्हान देतो, तेव्हा आपल्या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ तो आधार देतो तो याच स्तोत्राचा. देवदूत झेलून धरतील असे शास्त्रात असताना भिण्याचे कारण काय, हा त्याचा युक्तिवाद. येशू उडी टाकीत नाही. देवाची परीक्षा पाहू नये असेही शास्त्रात सांगितले आहे, एवढेच उत्तर देऊन तो तो प्रसंग संपवतो.

साथीच्या काळात ख्रिस्ती मनाची जी ओढाताण होते तिचे मूळ या एका प्रसंगात सापडते. भय वाटणे हे श्रद्धेच्या अभावाचे लक्षण आहे काय, औषधपाणी आणि सावधगिरी यांचा आश्रय करणे म्हणजे देवावरचा विश्वास उणा करणे आहे काय, आणि उलट पक्षी, जीव वाचवण्यासाठी आजाऱ्याला टाकून दूर निघून जाणाऱ्याने देवासमोर कोणत्या तोंडाने उभे राहावे, हे प्रश्न गेली अठराशे वर्षे त्या धर्माच्या अनुयायांनी स्वतःला विचारले आहेत आणि कधी शहाणपणाने, कधी अविचाराने त्यांची उत्तरे दिली आहेत. त्यांतील शहाणपणाची उत्तरे वाचताना एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते. ती देणारी माणसे स्वतःच्या सुरक्षिततेचा विचार शेजाऱ्यापासून तोडून कधी करीतच नाहीत. ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही त्यांच्या या विचारपद्धतीचा परिचय असावा, कारण साथ धर्म विचारून येत नाही.

इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या मध्यास रोमन साम्राज्यात एक भयंकर साथ पसरली. उत्तर आफ्रिकेतील कार्थेज नगरीचा बिशप सिप्रियन याने तिच्यासंबंधी लिहिले, म्हणून इतिहासकार तिला त्याच्याच नावाने ओळखतात. लोक आपल्या आजारी आप्तांना घराबाहेर टाकीत असताना त्याने आपल्या मंडळीला त्यांची शुश्रूषा करण्यास सांगितले, आणि ती शुश्रूषा केवळ स्वधर्मीयांपुरती न ठेवता जे लोक ख्रिस्ती धर्माचा द्वेष करीत त्यांनाही द्यावी असा आग्रह धरला. हाच सिप्रियन थोड्याच काळापूर्वी राजाज्ञेने सुरू झालेल्या छळाच्या वेळी अज्ञातवासात गेला होता आणि त्याबद्दल त्याला पुष्कळ दूषणे सोसावी लागली होती. जीव वाचवण्यासाठी लपणे आणि शेजाऱ्यासाठी जीव धोक्यात घालणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात घडल्या, आणि मला तरी त्यांत विसंगती दिसत नाही.

परंतु या प्रश्नाचा सर्वांत मूलगामी विचार झाला तो जर्मनीतील विटेनबर्ग या लहानशा गावी, १५२७ साली. दहा वर्षांपूर्वी मार्टिन ल्यूथरने रोमच्या धर्मसत्तेला जेथून आव्हान दिले ते हे गाव. ल्यूथर तेथील विद्यापीठात अध्यापक होता आणि गावच्या चर्चमध्ये उपदेशही करी. ऑगस्टच्या आरंभी गावात प्लेग शिरल्याचे कळताच सॅक्सनीचा अधिपती योहान याने हुकूम काढला की विद्यापीठ येना येथे हलवावे आणि ल्यूथरने कुटुंबासह तिकडे निघून जावे. विद्यार्थी गेले, अध्यापकही गेले. ल्यूथर मात्र गेला नाही. गावचा मुख्य पाळक बुगेनहागेन आणि त्याचे दोन सहायक मागे राहिले होते, त्यांच्यासह त्यानेही राहण्याचा निश्चय केला. त्याची पत्नी कॅथरिना त्या वेळी गर्भवती होती आणि मुलगा हान्स सव्वा वर्षाचा होता. ज्या जुन्या मठात त्यांचा संसार होता त्याचे हळूहळू रुग्णालय झाले. नगराध्यक्षाची पत्नी जवळजवळ ल्यूथरच्या हातांवर गेली. एका सहायक पाळकाची पत्नीही गर्भवती होती. ती आणि तिचे मूल दोघेही दगावले, तेव्हा बुगेनहागेन आपले बिऱ्हाड उचलून ल्यूथरच्याच घरी राहावयास आला, कारण अशा वेळी एकट्याने राहण्यापेक्षा सोबत बरी असे त्या दोघांनाही वाटले असावे. हान्स आजारी पडला. स्वतः ल्यूथर त्या वर्षी घोर मानसिक विषण्णतेतून जात होता आणि मित्रांना पत्रे लिहून आपल्यासाठी प्रार्थना करण्याची विनंती करीत होता. डिसेंबरात त्याला कन्या झाली, तिचे नाव एलिझाबेथ; ती आठ महिन्यांचीही झाली नव्हती तोच वारली.

अशा त्या घरातून एक पत्रवजा पुस्तिका बाहेर पडली. साइलेशिया प्रांतातील ब्रेस्लाउ शहराचा पाळक योहान हेस याने, ख्रिस्ती माणसाने प्राणघातक साथीपासून पळून जावे की नाही, अशी पृच्छा वारंवार केली होती. तिचे हे उत्तर. ते लिहिणाऱ्याच्या शेजारच्या खोलीत रोगी निजलेले होते, हे लक्षात ठेवून ते वाचले पाहिजे. ल्यूथर आरंभीच असे मान्य करतो की मृत्यूपासून दूर पळण्याची प्रवृत्ती देवानेच माणसाच्या ठिकाणी निर्माण केली आहे आणि तीत स्वतः पाप असे काही नाही. घराला आग लागली असता बाहेर धावणे किंवा पाण्यात पडल्यावर हातपाय मारणे जसे कोणी निषिद्ध मानीत नाही तसेच हे. सगळ्यांची श्रद्धा सारख्या बळाची नसते, आणि बळकट माणसाने आपले ओझे दुबळ्याच्या पाठीवर लादू नये. ज्याच्यावाचून कोणाचे अडत नाही, ज्याच्या मागे आजाऱ्यांची काळजी घेण्यास पुरेशी माणसे उरली आहेत, त्याने खुशाल जावे.

पण ज्याच्यावाचून कोणाचे तरी अडते त्याला जाता येणार नाही. येथे त्याची लेखणी एकेकाला नावानिशी हाक मारल्यासारखी चालते. पाळकाने राहिलेच पाहिजे, कारण मरणाऱ्याला धीराच्या शब्दाची जितकी गरज असते तितकी दुसऱ्या कोणाला नसते. नगराच्या अंमलदारांनी राहिले पाहिजे, कारण त्यांच्या अभावी चोरी, आग आणि दंगे माजतील. सरकारी वैद्य, कारकून, शिपाई यांनीही आपल्या जागी दुसरा सक्षम माणूस नेमल्याखेरीज हलू नये. नोकर मालकाच्या परवानगीवाचून जाऊ शकत नाही, आणि मालकही नोकराला आजारी टाकून जाऊ शकत नाही. आईबापांनी मुलांना सोडू नये, मुलांनी आईबापांना सोडू नये. ज्या पोराला आईबाप नाहीत आणि ज्या आजाऱ्याला कोणी नाही, त्याचा शेजारी हाच त्याचा आईबाप. मत्तयाच्या शुभवर्तमानात शेवटच्या न्यायाचे जे वर्णन आहे, ज्यात आजाऱ्याची केलेली विचारपूस ही प्रत्यक्ष ख्रिस्ताची विचारपूस म्हणून मोजली जाते, त्याची आठवण तो या ठिकाणी करून देतो. आणि मग, धर्मोपदेशकाकडून फारशी अपेक्षित नसलेली अशी एक व्यवहारी गोष्ट तो सांगतो: नगराने सरकारी खर्चाने रुग्णालये बांधावीत, म्हणजे प्रत्येक गृहस्थाला आपल्या घराचे रुग्णालय करावे लागणार नाही. स्वतःच्या घराचे काय झाले होते हे त्याला पुरेपूर माहीत होते.

पत्राच्या उत्तरार्धात तो दुसऱ्या टोकाच्या माणसांकडे वळतो, आणि येथे त्याचा स्वर अधिक कठोर होतो. औषध तुच्छ लेखणारे, साथीच्या जागा मुद्दाम न टाळणारे, आपली निर्भयता दाखवण्यासाठी घोळक्याने मद्यपान करणारे आणि वर देवाची इच्छा असेल तर तो तारील असे म्हणणारे लोक देवावर विश्वास ठेवीत नसून त्याची परीक्षा पाहत आहेत, असे तो बजावतो. देवाने औषधे निर्माण केली आणि माणसाला बुद्धी दिली ती शरीराची निगा राखण्यासाठी. तिचा उपयोग न करणारा आत्मघाताच्या वाटेवर आहे, आणि त्याच्या हयगयीमुळे दुसऱ्याला रोग झाला तर त्या मृत्यूचा जाब त्यालाच द्यावा लागेल. स्वतःपुरते सांगताना तो म्हणतो की आपण प्रार्थना करू, घरात धुरी देऊ, हवा शुद्ध करू, औषध घेऊ आणि देऊ, आणि जेथे आपले काम नाही अशा ठिकाणी व अशा माणसांत जाण्याचे टाळू, म्हणजे आपल्या हातून कोणाला रोग लागणार नाही. परंतु शेजाऱ्याला आपली गरज भासली तर कोणतीही जागा किंवा कोणताही माणूस टाळणार नाही. रोगजंतूंची कल्पनाही युरोपात रुजली नव्हती अशा काळातले हे विचार आहेत. प्लेगचा जंतू येर्सिन याने हाँगकाँगमध्ये ओळखला तो १८९४ साली, म्हणजे या पत्रानंतर साडेतीनशेहून अधिक वर्षांनी. उंदरावरची पिसू तो पसरवते हे पॉल-लुई सिमाँ याने कराचीत दाखवून दिले ते आणखी चार वर्षांनी. संसर्गाचे शास्त्र हाती नसताना संसर्गाची नीती मात्र या माणसाला स्पष्ट दिसली होती.

त्या पत्रातील आणखी एक बारीकशी सूचना मला फार मोलाची वाटते. पाळकाला बोलवायचे तर आजाराच्या सुरुवातीसच बोलवा, माणूस शुद्धीवर असेपर्यंत बोलवा, असे तो सांगतो. शेवटची घरघर लागल्यावर निरोप धाडणाऱ्यांची आणि मग दोन वाक्यांत सगळा धर्म सांगून मोकळे व्हा असे म्हणणाऱ्यांची तो कानउघाडणी करतो. ज्याने रात्री-अपरात्री अशी बोलावणी प्रत्यक्ष घेतली आहेत त्यालाच हे सुचेल.

ल्यूथरचा विरोधक मानला गेलेला रोमन कॅथलिक पंथ या बाबतीत मागे होता असे समजण्याचे कारण नाही. १५७६ साली मिलान शहरात प्लेग आला तेव्हा स्पॅनिश गव्हर्नर आणि बडी बडी मंडळी शहर सोडून गेली, पण आर्चबिशप कार्लो बोरोमेओ मागे राहिला; गरिबांच्या अंगावर वस्त्र नव्हते म्हणून चर्चमधील पडदे आणि वस्त्रे त्याने त्यांना वाटली. लोकांना घराबाहेर पडण्याची मनाई झाली तेव्हा त्याने चौकाचौकांत वेदी उभारविल्या, म्हणजे घरात अडकलेल्यांना खिडकीतून मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, पाहता यावी. घंटा झाली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून लोक प्रार्थना म्हणत. बंदिस्त माणसांची उपासना बंद न पडू देण्याची ही तोड शोधणाऱ्या त्या आर्चबिशपने मिरवणुकाही काढल्या होत्या, हे खरे आहे. त्याचाच चुलतभाऊ फेडेरिको बोरोमेओ हा आर्चबिशप असताना, १६३० च्या प्लेगमध्ये, नगराच्या अधिकाऱ्यांनी कार्लोच्या पार्थिवाची मिरवणूक काढण्याची गळ घातली. फेडेरिकोने प्रथम नकार दिला, पण लोकाग्रहापुढे अखेर मान तुकवली, आणि ११ जून रोजी अवघे शहर त्या शवपेटीमागून चालले. त्यानंतर मृत्यूंची संख्या झपाट्याने वाढली. इटालियन लेखक मांझोनीने आपल्या सुप्रसिद्ध कादंबरीत हा प्रसंग सविस्तर वर्णिला आहे. फेडेरिकोचा पहिला नकार टिकला असता तर किती माणसे वाचली असती हा विचार मनातून जात नाही. धर्माधिकाऱ्याच्या अंगी साथीच्या वेळी जे धैर्य लागते त्यात आपल्याच भाविकांना 'नाही' म्हणण्याचे धैर्यही येते.

ते धैर्य इंग्लंडातील डर्बीशायर परगण्यातल्या ईम या खेड्यात दिसून आले. १६६५ च्या उन्हाळ्याअखेर लंडनहून तेथल्या शिंप्याकडे कापडाचा एक गठ्ठा आला. कापड दमट झालेले असल्याने त्याच्या हाताखालच्या माणसाने ते शेकोटीपुढे वाळत घातले, असे सांगतात. त्यातल्या पिसवांनी आपले काम केले आणि ७ सप्टेंबर रोजी त्या माणसाच्या दफनाची नोंद झाली. हिवाळ्यात साथ मंदावली, पण १६६६ च्या उन्हाळ्यात ती पुन्हा भडकली आणि लोक गाव सोडण्याच्या तयारीस लागले. गावचा रेक्टर म्हणजे मुख्य पाळक विल्यम मॉम्पेसन हा तरुण आणि नवखा होता, आणि त्याचे गावात फारसे वजनही नव्हते. कारण गावाची खरी निष्ठा थॉमस स्टॅनली या जुन्या पाळकावर होती, ज्याला राजाच्या नव्या धर्मविषयक कायद्याप्रमाणे वागण्यास नकार दिल्यामुळे पद गमवावे लागले होते. या दोघांत मतभेदाची मोठी दरी होती. पण गाव पांगले तर रोग साऱ्या परगण्यात पसरेल हे ओळखून ते दोघे एकत्र आले आणि त्यांनी गावकऱ्यांसमोर तजवीज मांडली: कोणीही हद्दीबाहेर जाऊ नये; चर्चला कुलूप लावावे आणि उपासना उघड्यावर, ककलेट डेल्फ नावाच्या घळीत, कुटुंबाकुटुंबांत अंतर ठेवून करावी; सार्वजनिक अंत्यविधी बंद करून ज्याने त्याने आपले मृत आपल्याच परसात किंवा शेतात पुरावे. गावाने ते मानले. चॅट्सवर्थला राहणाऱ्या डेव्हनशायरच्या अर्लने अन्नधान्य पुरवण्याचा बंदोबस्त केला. हद्दीवरच्या एका दगडाला भोके पाडलेली होती, ती आजही दाखवली जातात. त्यांत व्हिनेगर ओतून गावकरी नाणी ठेवीत, आणि बाहेरचे लोक नाणी उचलून सामान ठेवून जात.

परसात पुरावे, या दोन शब्दांचा अर्थ काय झाला तो एका घराच्या कथेवरून कळेल. गावाजवळच्या एका टेकडीवर राहणाऱ्या एलिझाबेथ हॅनकॉक नावाच्या स्त्रीने त्या ऑगस्टमध्ये आठ दिवसांत आपला पती आणि सहा मुले यांना एकटीने पुरले. मदतीला कोणी येणे नियमाने वर्ज्य होते, आणि तो नियम तिने स्वतःही मान्य केलेला होता. त्या सात थडग्यांभोवती आज दगडी कुंपण आहे. मॉम्पेसनने आपली दोन मुले आधीच यॉर्कशायरला धाडली होती. पत्नी कॅथरिनलाही जाण्यास सांगितले, पण ती गेली नाही, आणि आजाऱ्यांकडे जात-येत असतानाच २५ ऑगस्ट रोजी वारली. नोव्हेंबरच्या आरंभी शेवटचा मृत्यू नोंदला गेला. एकूण सुमारे २६० माणसे गेली. कोंडून राहिल्यामुळे गावातल्या गावात मृत्यू वाढले असावेत अशी शंका अलीकडच्या अभ्यासकांनी घेतली आहे, आणि मॉम्पेसनच्या मुलांना जी सवलत मिळाली ती इतरांच्या मुलांना का मिळू नये हा प्रश्नही रास्त आहे. तरीही भोवतालच्या गावांत रोग पसरला नाही ही वस्तुस्थिती उरतेच. ईमचे लोक भित्रे नव्हते आणि मोठे शूरही नव्हते. पहिल्या भीतीने पळावयास निघालेली ती साधी माणसे होती, आणि त्यांच्याच पाळकांनी त्यांना शेजारच्या गावांची आठवण करून दिली. दरवर्षी ऑगस्टअखेरच्या रविवारी तेथे त्यांच्या स्मरणार्थ उपासना होते.

आपल्याकडे हा प्रश्न तीव्रतेने उभा राहिला तो १८९६ च्या प्लेगमध्ये. मुंबईच्या मांडवी भागात सप्टेंबर महिन्यात जो ताप पसरत होता तो गाठीचा प्लेगच आहे असे निदान ज्याने धिटाईने केले तो डॉक्टर अकासियो व्हिएगास हा गोव्याचा ख्रिस्ती गृहस्थ होता. त्याचा पुतळा धोबी तलावापाशी आजही उभा आहे. वांद्र्यापासून खोताच्या वाडीपर्यंत रस्त्यांच्या कडेला जे दगडी क्रूस दिसतात त्यांतील कित्येक त्या काळच्या ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबईच्या स्थानिक ख्रिस्ती) आणि गोवेकर कुटुंबांनी प्लेगपासून रक्षण व्हावे म्हणून, किंवा रक्षण झाले म्हणून, उभारलेले आहेत. निदान करणारा डॉक्टर आणि क्रूसापुढे मेणबत्ती लावणारी म्हातारी ही एकाच समाजातली माणसे होती, आणि पुष्कळदा एकाच घरातली असतील.

पुण्यात मात्र सुरक्षिततेच्या नावाखाली जे घडले त्यामुळे प्रश्नाला निराळेच वळण लागले. प्लेग कमिटीचा अध्यक्ष रँड याच्या कारकिर्दीत गोऱ्या शिपायांकरवी घरोघर झडत्या झाल्या, आजाऱ्यांना आणि निरोग्यांनाही छावण्यांत नेण्यात आले, आणि त्याविरुद्ध लोकांत जो संताप उसळला त्याची परिणती २२ जून १८९७ रोजी रँडवरील गोळीबारात झाली, हे मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही. पण ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी त्या काळी काय केले हे तितकेसे परिचित नाही. मध्य प्रांतातील दुष्काळातून त्यांनी शेकडो मुली व विधवा आणल्या होत्या; पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवण्याची मनाई झाली तेव्हा त्यांनी त्या मुलींना केडगावच्या उघड्या जमिनीवर नेले, आणि त्यातूनच पुढे मुक्ती सदन उभे राहिले. आपल्या आश्रमातील एका मुलीला सरकारी व्यवस्थेत जे भोगावे लागले त्यासंबंधी त्यांनी मुंबईच्या एका ख्रिस्ती वृत्तपत्रात पत्र लिहून, स्त्रियांच्या अब्रूची आणि आजाऱ्यांच्या निगेची तेथे कशी हेळसांड होते हे जाहीरपणे सांगितले. त्या पत्राचा विषय ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत पोहोचला. गव्हर्नर सँडहर्स्टने त्यांचे म्हणणे खोटे ठरवण्याचा प्रयत्न केला. राज्यकर्ते स्वधर्मीय आहेत म्हणून रमाबाईंनी तोंड मिटून घेतले नाही. साथीत अलगीकरण आवश्यक असते, पण ज्याला अलग करावयाचे तो माणूस आहे हे विसरल्यास ते अलगीकरण कैदेहून वेगळे उरत नाही, ही जाणीव त्यांच्या पत्रामागे होती. प्लेगची छावणी आतून कशी दिसे हे जाणून घ्यावयाचे असल्यास लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पाहावीत. प्लेगच्या रोग्यांत वावरलेल्या एका मराठी ख्रिस्ती स्त्रीचे अनुभव त्यांत आहेत.

२०२० साली हे सारे जुने प्रश्न नव्याने उपस्थित झाले. फ्रान्समधील म्युलूझ शहरात फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एका इव्हँजेलिकल चर्चचे वार्षिक संमेलन भरले. हजारांवर माणसे दिवसचे दिवस एकत्र होती, आणि तेथून कोरोना देशभर पसरला. त्या वेळी कोणताही सरकारी निर्बंध नव्हता आणि धोक्याची कल्पनाही कोणास नव्हती, तरी त्या मंडळीला पुढे पुष्कळ शिव्याशाप सोसावे लागले. साथीत दोषी शोधण्याची घाई ही साथीइतकीच जुनी आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात मात्र एका धर्मगुरूने, धोका पुरता ठाऊक झाल्यावरही, देव या विषाणूहून मोठा आहे असे सांगत मार्चच्या उत्तरार्धात मंडळी भरवली, आणि एप्रिलमध्ये तो त्याच रोगाने गेला. त्याच्या श्रद्धेविषयी शंका घेण्याचा अधिकार मला नाही. पण त्या बाकांवर बसलेल्या माणसांचे काय, हा प्रश्न ल्यूथरने त्याला विचारला असता. इटलीत बेर्गामो धर्मप्रांतातील वीसहून अधिक धर्मगुरू त्या एका मार्च महिन्यात मृत्यू पावले. त्यांच्या परगण्यात चर्च बंद होती, पण माणसे मरत होती.

२७ मार्चच्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस पावसात भिजत संत पेत्राच्या मोकळ्या चौकात एकटेच चालत आले. १५२२ च्या साथीत रोमच्या रस्त्यांतून मिरवला गेलेला लाकडी क्रूस त्यांनी तेथे आणवून ठेवला होता, पण त्यापुढे मिरवणूक नव्हती, जमाव नव्हता. प्रवचनासाठी त्यांनी मार्काच्या शुभवर्तमानातील वादळाची गोष्ट निवडली. त्या गोष्टीत शिष्य घाबरून झोपलेल्या येशूला जागे करतात. येशू वादळ शांत करतो आणि मग त्यांना त्यांच्या भीतीबद्दल विचारतो. मुंबई आणि वसईच्या धर्मप्रांतांतही सामुदायिक मिस्सा थांबल्या होत्या. झावळ्यांचा रविवार, गुड फ्रायडे आणि ईस्टर घरातल्या मोबाईलसमोर पार पडले. ज्यांनी आयुष्यात एकही ईस्टर चर्चबाहेर घालवला नव्हता अशा वृद्धांना ते किती जड गेले असेल याची कल्पना करावी. उपासनेला जाणे हेच ज्यांच्या भक्तीचे एकमेव बाह्य रूप, त्यांच्याकडून न जाणे हीच भक्ती मानण्याची अपेक्षा केली गेली, आणि त्यांतील बहुतेकांनी ती पुरी केली.

सर्वांत कठीण प्रश्न मृतांचा होता. ख्रिस्ती परंपरेत दफनाला जे स्थान आहे ते पुनरुत्थानावरील श्रद्धेशी बांधलेले आहे; कॅथलिक चर्चने दहनाला परवानगी दिली तीसुद्धा १९६३ साली, आणि भारतातील बहुसंख्य कॅथलिक कुटुंबांनी त्या परवानगीचा उपयोग कधी केला नव्हता. केरळातील अलप्पुझा या किनारी जिल्ह्यात कोरोनाने मृत झालेल्यांसाठी नियमाप्रमाणे फार खोल खड्डा खणावा लागे, आणि तेथील जमिनीत थोडे खणताच पाणी लागते. त्यातून आसपासच्या लोकांनी दफनाला हरकत घेण्याची भीती. अशा पेचात तेथील लॅटिन धर्मप्रांताच्या बिशपांनी २०२० च्या जुलैअखेर निर्णय दिला की मृताच्या कुटुंबाच्या संमतीने पार्थिवाचे दहन चर्चच्या स्मशानभूमीतच करावे आणि अस्थी व रक्षा कुटुंबाच्या थडग्यात विधिपूर्वक ठेवाव्यात. लगेचच दोन चर्चच्या आवारांत तसे दहन झाले. धर्मगुरू उपस्थित होते, प्रार्थना म्हटल्या गेल्या, मोजकीच माणसे अंतर राखून उभी होती. आणि चिता विझल्यावर त्या दोन्ही कुटुंबांनी आपापल्या माणसाची रक्षा आपल्याच पूर्वजांशेजारी ठेवली.